चार ओहम

खलफानच्या मनोऱ्याची उंची पंचेचाळीस फूट.
खाली जुन्या गलबताची डोलकाठी, वर पाइपाचे तुकडे,
आणि टोकाला ॲल्युमिनियमचा सांगाडा,
सुरमई खाऊन उरलेला काटा आभाळात अडकवावा तसा.

"अर्थिंग आहे," तो म्हणाला बंदरातल्या हिंदीत,
"माझ्याएवढी कांब ठोकलीय वाळूत."
मी टेस्टर लावला.
दोनशे दहा ओहम.
बाबा, ही कांब नव्हे, बकरी बांधायची खुंटी.
सोहारची वाळू कोरडी ठणठणीत, भाजलेल्या रव्यासारखी.
वीज हिला वाट विचारील
आणि ही तोंडच उघडायची नाही.
मग ती जाईल तुमच्या बैठकीतून,
रेडिओतून, चहाच्या थर्मासमधून, कदाचित तुमच्यातून.

तो हसला.
गेल्या ऑगस्टात हजरच्या डोंगरावरून ढग उतरले
तेव्हा त्याने रात्रभर रेडिओ चालू ठेवला होता,
झांझिबारहून मामेभाऊ हाका मारत होता म्हणून.

शुक्रवारी खणायला घेतलं, ऊन चढायच्या आत.
मी, नातू हैथम, आणि स्वातचा गुलरेझ,
ज्याने मजुरी नको म्हटलं,
फक्त एकदा पेशावर ऐकवा.

कुठे खणायचं यावर जरा वाद झाला.
मी म्हटलं, बागेत.
खलफान गप्प.
बाग म्हणजे सतरा लिंबोण्या, उभ्या उभ्या वाळलेल्या.
सगळ्यांनी पंप लावले, समुद्र जमिनीखालून चालत आला,
विहीर खारी झाली ती झालीच.
बायको होती तोवर टँकर मागवून
एकेका झाडाला पाजायची.

आठव्या फुटाला ओल लागली.
गुलरेझने बोट जिभेला लावलं, थुंकला,
"नमक!"
मी नाचायचाच बाकी होतो.
मग खलफानकडे बघितलं आणि आवरलं.
जे मीठ झाडांना लागलं
तेच मला हवं होतं, कसं सांगणार?
सांगायला लागलं नाही.
त्याने खालचं एक काळं पडलेलं लिंबू उचललं,
खड्ड्यात टाकलं,
म्हणाला, घाल तुझी कांब.

देवरुखला आई मीठ-मोहरीने दृष्ट काढायची.
अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही वायरमन मीठ-कोळसा घालतो,
तसंच काहीसं.
या वेळी मिठाची गोणी फोडलीच नाही.
कोळसा, तीन कांबी, तांब्याची पट्टी मनोऱ्याच्या पायापर्यंत,
कुठेही काटकोन नको, विजेला वळणं आवडत नाहीत.
पुन्हा टेस्टर.
चार.
गुलरेझला आकडा कळला नाही, माझं तोंड कळलं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी,
डोंगरामागे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग.
डोळ्यांच्या आधी रेडिओला कळतं:
मामेभाऊ बोलत होता आणि मधेच
कुणीतरी पापड मोडायला लागलं.
"काढा," मी म्हटलं.
खलफानने माइकमध्ये सांगितलं, थांब, आलोच.
प्लग पिळून काढला,
केबलचं तोंड लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं, खिडकीबाहेर.
"चार ओहम आहेत ना? मग बरणी कशाला?" हैथम.
"मला बरं वाटतं म्हणून."

टपोरे सात-आठ थेंब.
एकदा सगळी खोली पांढरी झाली,
कप, दाढी, भिंतीवरचं कॅलेंडर,
आणि आवाज इतका जवळून की हैथमने माझा शर्ट धरला.
मनोऱ्यावर पडली, की मशिदीमागच्या खांबावर, की दर्यात,
कळलं नाही.
आमच्या कामाची हीच गोम,
नीट झालं तर काहीच झालेलं नसतं.

बरणीतून तार काढून परत जोडली.
सूं... इतकंच.
खलफानने हाक दिली, बटण सोडलं.
आम्ही चौघे त्या जाळीकडे बघत बसलो.
"नमाजाला गेला असेल," तो म्हणाला,
आणि पुन्हा हाक दिली.